सेमाडोहच्या मुक्कामातली तीन पेनं

परतवाड्याहून धारणीकडे निघालं की घाट लागतो आणि सागाची झाडी दाट होत जाते. हीच वाट पुढे बुऱ्हाणपूरला जाते. छोटे मामू परतवाड्याला, बडे मामू बुऱ्हाणपूरला. म्हणून दोघांनी अम्मीशी बोलून भेटीसाठी मधलं सेमाडोह ठरवलं. मरहूम नाना इथेच जंगलखात्यात कारकून होते. गावाजवळून सिपना वाहते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यात मेळघाट होता. त्यामुळे अंधार पडल्यावर कुणी आवाराबाहेर जात नाही. मग्रिबनंतर बसून बोलायला वेळच वेळ.

नानांच्या घराचा हिशोब आधीच मिटला होता. राहिली होती तीन शाईची पेनं. तिन्ही काळी, चकचकीत धातूच्या टोपणाची, निबेचं फक्त टोक बाहेर दिसणारी. त्यांत पार्कर ५१ असेल तर त्याला आजही चांगली किंमत येते. आणि किंमत कळल्याशिवाय दोन मुलगे व एक मुलगी यांचे हिस्से पाडायचे कसे? छोटे मामू म्हणाले, "दोन पार्कर, एक चिनी. झालं!" अम्मी म्हणाली, "भाईजान, नीट बघून घ्या. नंतर कुणाच्या मनात काही राहायला नको."

दुपारी वाटाड्याने आम्हा भाचरांना रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली होती. १८८४ नंतर शतकभर हा पक्षी कुणाला खात्रीने दिसला नव्हता. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मधल्या काळात एका इंग्रज संग्राहकाने १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना चोरीचा निघाला. त्यावरची चिठ्ठीच खोटी! साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. एवढी एक खूण पाहायची.

पेनांची चिठ्ठी म्हणजे टोपण. दोघांवर पार्कर लिहिलेलं, तिसऱ्यावर हिरो आणि चिनी अक्षरं. शांघायच्या या हिरोची क्लिपही पार्करच्या बाणासारखी. पण दुरुस्तीत टोपण बदलता येतं, म्हणून बडे मामूंनी टोपणं बाजूला ठेवून मागचा भाग फिरवून काढला. ५१ बाजारात आलं १९४१ मध्ये. कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षी तयार झालं म्हणून ते नाव. सुरुवातीच्या ५१ ची मागची टोपी काढून दट्ट्या दाबत शाई भरायची. १९४८ पासूनच्या ५१ मध्ये शाईची नळी धातूच्या बंद नळकांड्यात असते आणि त्यातली पट्टी दाबायची. त्याच १९४८ मध्ये आलेलं स्वस्त भावंड २१. त्याच्या नळीभोवती उघडी पट्टी असते. हिरो ६१६ मध्येही साधारण तशीच.

पहिल्यात बंद नळकांडं निघालं, निबेचं टोक पिवळं, सोन्याचं. तेच ५१. (पिवळं नसलं तरी लगेच निकाल देऊ नये, ५१ स्पेशल नावाच्या पेनात पोलादी निब असे.) दुसऱ्यात उघडी पट्टी, टोक पांढरं, आणि निबेवरच्या आवरणाला केसाएवढी चीर. २१ चं प्लास्टिक असंच तडकतं, ५१ चं ॲक्रिलिक टिकून राहतं. छोटे मामूंचा एक पार्कर खरोखरच स्वस्तातला ठरला.

बडे मामूंना ५१ हवं होतं. त्यांनी फरकाचे पैसे द्यायचं कबूल केलं. छोट्या मामूंनी हिरो घेतला. "लिहितं तरी," असं म्हणत. अम्मीने मात्र किंमत न विचारता २१ मागितलं. नाना सेमाडोहहून तिला खतं लिहायचे ती याच पेनाने, असं तिचं म्हणणं. चिरेतून शाई गळते म्हणून तिने ते रुमालात गुंडाळून, निब वर करून, पर्समध्ये उभं ठेवलं.