दोन शोंच्या मध्ये कोर्लई

बोटीवरच्या थिएटरला खिडकी नसते. मुंबईहून संध्याकाळी सुटलेली क्रूझ दक्षिणेला वळते, डाव्या हाताला थळ, अलिबाग, रेवदंडा, मुरूड असा माझा जिल्हा ओळीने मागे पडत जातो, आणि मी काळ्या पडद्यामागे, निळ्या मिणमिणत्या उजेडात, कानाला हेडसेट लावून ‘स्टँडबाय’ म्हणत उभी असते. माझं माहेर रेवदंड्याचं. बऱ्याचदा तेवढ्या वेळात ते येऊन जातं.

काय चाललंय ते पायांना कळतं. बंदरात असेपर्यंत स्टेज जमिनीसारखं निश्चल असतं. कुलाब्याच्या टोकाचं प्रॉन्ग्ज दीपगृह मागे टाकलं की फळी हळूच कलू लागते. मग आमची धावपळ सुरू. गावोगावच्या प्रयोगांत नेपथ्याच्या फ्लॅटला मागून टेकू दिला, वर वजन ठेवलं की काम भागतं. इथे वजनसुद्धा सरकतं. त्यामुळे जिना, खांब, कपड्यांचा रॅक, अगदी आरसासुद्धा पट्ट्याने आवळून बांधलेला असतो, आणि गरज असेल तेव्हाच, गरजेपुरताच सुटतो. हवेत लटकून करायचा खेळ आज होणार की नाही, हे समुद्र ठरवतो. पावसाळा नुकता सरलेला असतो तेव्हा तो बऱ्याचदा नाहीच म्हणतो.

नाचणाऱ्यांचं मात्र मला कौतुक आहे. बोट लाटेच्या माथ्यावरून खाली जायला लागते त्या क्षणी अंग हलकं होतं. तेव्हा मारलेली उडी हवेत जरा जास्त टिकते. खालून फळी वर येत असताना मारली, तर पाय आधी जड होतात आणि उतरताना गुडघ्याला हिसका बसतो. संगीत तर लाटेसाठी थांबत नाही. जुन्या मुली तालाच्या आत, अर्ध्या मात्रेच्या सवलतीत, लाट गाठतात. प्रेक्षकांना ती उडी फक्त सुंदर दिसते. मी विंगेत असते, म्हणून मला उडीच्या आधीचं दिसतं : ओठ घट्ट मिटलेले, टाच फळीवर दाबून लाटेचा अंदाज घेणारी, आणि मग एकदम सुटलेली. ही जागा तिकीट काढून मिळत नाही.

क्षण अनुभवायला निवांतपणा लागतो असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. निवांत माणूस बहुधा मोबाइल काढतो. मला जे काही मिळालंय ते कामाच्या फटीत, दोन क्यूंमधल्या दहा-बारा सेकंदांत. पुढचा क्यू कुठला, कोण कुठून येणार, फळीवरची चमकपट्टी नीट दिसतेय का, हे सगळं अंगात मुरलं की त्या सेकंदांना काहीच काम उरत नाही. तेव्हा डोळे खऱ्या अर्थाने मोकळे होतात. गायिका प्रवेशाआधी गळ्यातला ताईत ब्लाउजच्या आत लपवते, तो हात दिसतो. कपडेपटातली बाई अंधारात पाऊण मिनिटात चार हुक लावते आणि जाणाऱ्याच्या पाठीवर एक थाप देते, ती ऐकू येते. ज्याला काम येत नाही तो त्या सेकंदांत घाबरलेला असतो. त्याला यातलं काही दिसत नाही.

पहिला शो संपून दुसरा लागेपर्यंत मी क्रूच्या उघड्या डेकवर जाते. किनाऱ्याची रेंज पकडायला तिथे गर्दी असते. जो तो आपल्या आईशी, बायकोशी, बँकेशी बोलत असतो. बोट वेळेवर सुटली असेल, तर तेव्हाच कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लईच्या दीपगृहाचा दिवा फिरताना दिसतो. तिथला किल्ला दिसत नाही, रेवदंडाही दिसत नाही. कितीही मन लावून पाहिलं तरी दिवा तेवढाच. एकदा आईला फोनवर म्हटलं, “अगं, मी तुमच्या समोरूनच चाललेय.” ती म्हणाली, “मग जेवलीस का?”

आजीच्या आठवणीतल्या कोकण बोटी वेगळ्या. त्या बंदराबंदराला नांगर टाकत, आणि जेट्टी नसेल तिथे पडावातून माणसं उतरवत. पुढे रस्ते झाले आणि ती वाहतूक बंद पडली. 2018 मध्ये आंग्रिया आणि 2021 मध्ये कॉर्डेलिया मुंबई-गोवा मार्गावर आल्या, तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ‘बोट पुन्हा सुरू झाली’ असं वाटलं. पण रायगडातल्या एकाही बंदराला या नव्या बोटी थांबल्या नाहीत. कान्होजी आंग्र्यांच्या किनाऱ्यावरून, त्यांचंच नाव लावलेली बोट न थांबता जायची, याचं मला तरी वाईट वाटलं.

तुम्ही कधी या बोटीने निघालात, तर पहिल्या संध्याकाळी बुफेच्या रांगेत उभे राहू नका, जेवण कुठे जात नाही. डाव्या बाजूच्या डेकवर या. उजेड असेल तर आधी खांदेरी दिसेल. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेला हा किल्ला, आणि त्यावर 1867 पासूनचं दीपगृह. ते पाहून झालं की खाली शोला या. आणि उड्या मारणाऱ्या मुलींसाठी टाळ्या जरा लवकर सुरू करा, आम्हाला विंगेत ऐकू येतात.