कळलं म्हणजे झालं?

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते हे समजलं, की ओळखीचे लोक हमखास एक प्रश्न विचारतात. आता शुद्धलेखन कशाला हवं? मोबाईल स्वतःच शब्द सुचवतो, निम्मी मुलं मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहितात, तरी कुणाचं काही अडत नाही. कळलं म्हणजे झालं ना?

पुष्कळ ठिकाणी खरंच झालं. हे एका मराठीच्या शिक्षिकेनं म्हणावं याचं काहींना आश्चर्य वाटेल. पण काही ठिकाणी तेवढ्यानं भागत नाही, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला नाही, तर ज्याच्याविषयी लिहिलं जातं त्याला मोजावी लागते.

आधी सोपी बाजू. वर्गातल्या एका मुलीच्या आईनं चिठ्ठी पाठवली होती: ‘टीचर, मुलगी बीमार हाय. दोन दीवस येनार नाय.’ ही आई उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. देवनागरी ती लेकीच्या पुस्तकांतून शिकली. परीक्षकाच्या नजरेनं पाहिलं तर एवढ्याशा चिठ्ठीत चार-पाच चुका निघतील. पण कोण आजारी आहे, किती दिवस येणार नाही, सगळं त्यात आहे. अशा चिठ्ठीवर लाल पेन चालवायला मला जमत नाही.

आपल्या मुलांच्या बऱ्याच चुका आळसाच्या नसतात. उर्दूत ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही. त्यामुळे घरात उर्दू ऐकत वाढलेलं मूल ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘शाळा’ला ‘शाला’ लिहितं. दखनी बोलणाऱ्या घरांत ‘काफ’चा उच्चार ‘खे’सारखा होतो. म्हणून एका मुलानं निबंधात लिहिलं होतं, ‘आम्ही दादांच्या खबरीवर फुलं वाहिली.’ वर्ग हसला. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, ‘कबर’ आणि ‘खबर’, आणि दोन्ही आपल्याच भाषेतून मराठीत आले हे सांगितलं. चूक कुठून येते हे मुलाला कळलं की ती सुधारायला सोपं जातं. ‘तुझं अशुद्ध आहे’ असं ऐकलं की तेच मूल हात वर करायचं सोडून देतं. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द माणसांनाही लावले गेले आहेत, म्हणून बरेच अभ्यासक आता ‘प्रमाणलेखन’ म्हणतात. मलाही तोच शब्द बरा वाटतो. उर्दूत तर याला साधं ‘इमला’ म्हणतात.

शिवाय नियम काही आकाशातून पडलेले नाहीत. आज आपण पाळतो ते मराठी साहित्य महामंडळाचे नियम. त्यातले चौदा 1962चे, चार 1972चे. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असं छापलेलं दिसतं. त्याच्याही आधी सगळा कारभार मोडीत चालायचा. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, दोन शब्दांत जागा सोडत नसत, विरामचिन्हं तर नव्हतीच. ती एकोणिसाव्या शतकात छपाईबरोबर आली, मेजर कँडी आणि दादोबा पांडुरंग यांच्या काळात. रोजच्या उर्दूतही जेर, जबर, पेश कुणी लावत नाही. वाचणारा संदर्भानं समजून घेतो.

मग हे सगळं चाललं कसं? लिहिणारा आणि वाचणारा एकाच दफ्तरातले, एकाच भाषेत वाढलेले होते. अडलं तर विचारता येत होतं. वाचणारा दूर असला आणि त्याला विचारायची सोय नसली की गाडी अडते. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात झाला. चिठ्ठीत ‘धरावे’ होतं, त्याचं ‘मारावे’ केलं गेलं, असं सांगतात. इतिहासकार या कथेवर वाद घालतील, पण मराठी माणसानं ती अडीचशे वर्षं जपली, कारण एका अक्षरात काय होऊ शकतं हे त्याला पटलेलं आहे.

आपल्याकडे तर याचा त्याहून मोठा दाखला आहे. सुरुवातीच्या मुसहफांत एराब नव्हते. ऐकणारे अरब होते, त्यांना गरजच नव्हती. इस्लाम अरबस्तानाबाहेर गेला आणि अरबी मातृभाषा नसलेली माणसं कुरआन वाचू लागली. परंपरा सांगते, की सूरह तौबाच्या तिसऱ्या आयतीत कुणीतरी ‘रसूल’च्या ‘लाम’ला पेशऐवजी जेर लावून वाचलं. आयतीचा आशय असा, की अल्लाह मुश्रिकांपासून मुक्त आहे आणि त्याचे रसूलही. त्या एका जेरनं अर्थ झाला, की अल्लाह मुश्रिकांपासून आणि, नऊजुबिल्लाह, आपल्या रसूलपासूनही मुक्त आहे. हे ऐकून बसऱ्याचे अबुल अस्वद अद्-दुअली हादरले आणि स्वर दाखवण्यासाठी त्यांनी ठिपके द्यायला सुरुवात केली, असं सांगतात. पुढे आठव्या शतकात खलील बिन अहमद यांनी जेर-जबर-पेशला आजचं रूप दिलं. बाराव्या शतकात सजावंदी यांनी वक्फाच्या खुणा ठरवल्या. वक्फ म्हणजे इथे जमिनीचा नव्हे, वाचताना थांबण्याचा. ‘मीम’ असेल तिथे थांबायचंच, ‘ला’ असेल तिथे थांबायचं नाही. आपल्याकडे छापल्या जाणाऱ्या मुसहफांत या खुणा आजही आहेत. मदरशातलं सात वर्षांचं मूल त्या पाळतं. मग शाळेत त्याच मुलाला स्वल्पविराम निरुपयोगी का वाटावा?

वाचणारा जितका दूर, तितकं लिहिणं काटेकोर हवं. आईची चिठ्ठी माझ्यापर्यंत येते आणि मी तिला ओळखते, तिथे चुका चालतात. दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मजकूर अनोळखी माणसांपर्यंत जातो. आमच्या पालकांच्या ग्रुपवर एकानं रात्री विचारलं, ‘उद्या सुट्टी’. त्याला प्रश्न विचारायचा होता, पण प्रश्नचिन्ह दिलं नाही. दहा मिनिटांत ती बातमी झाली आणि दुसऱ्या ग्रुपवर गेली. सकाळी वर्ग अर्धा रिकामा होता. कुणाचं फार बिघडलं नाही, पण प्रश्नचिन्ह कशासाठी असतं हे त्या दिवशी शिकवावं लागलं नाही.

खरं बिघडतं ते नावांत. आपली नावं अरबी-फारसीतून आलेली, बोलली जातात उर्दूत, लिहिली जातात मराठीत आणि छापली जातात इंग्रजीत. प्रत्येक वळणावर काहीतरी सांडतं. एकट्या ‘मोहम्मद’चं पाहा: मोहंमद, महंमद, मुहम्मद, आणि नुसतं ‘मो.’, जे मोबाईल नंबराच्या आधीही लिहितात. मराठीच्या नियमानं ‘गरीब’, ‘वकील’ अशा अकारान्त शब्दांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असतं. त्या सवयीनं लिहिणारा ‘तारिक’चं ‘तारीक’ करतो. तारिक म्हणजे रात्री चमकणारा तारा, तारीक म्हणजे अंधारलेला. ‘शाहिद’ म्हणजे साक्षीदार, ‘शहीद’ म्हणजे हुतात्मा. बातमीत एकाचा दुसरा झाला तर जिवंत माणूस हुतात्मा होतो. मराठीत नुक्ते द्यावेत असा माझा आग्रह मुळीच नाही. मराठीनं ‘काग़ज़’चा ‘कागद’ केला आणि तो आता तिचाच शब्द आहे. पण नाव हा भाषेचा शब्द नसतो, ते एका माणसाचं असतं.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिच्या नावात ‘क’ होता आणि आधारवर ‘ख’. वडिलांच्या नावातला उकार एका कागदावर ह्रस्व, दुसऱ्यावर दीर्घ, आणि इंग्रजीत दोन वेगळी स्पेलिंगं. शिष्यवृत्तीचा अर्ज नाव जुळत नाही म्हणून परत आला. मग नोटरी, प्रतिज्ञापत्र, पुन्हा कार्यालय. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधली नोंद बदलणं सोपं नसतं, वरची मंजुरी लागते. तिचे वडील रोजंदारीवर होते. चार दिवसांची मजुरी बुडाली आणि अर्जाची मुदत संपली. ज्यानं ‘ख’चा ‘क’ केला त्याला हे कधी कळलंही नसेल.

हे फक्त शिष्यवृत्तीपुरतं नाही. 31 ऑगस्ट 2019 रोजी आसामच्या एनआरसीची अंतिम यादी आली, तेव्हा 19 लाखांहून अधिक लोक तिच्याबाहेर राहिले. जुने कागद काढून माणसाची ओळख पटवायची, तर त्यावरचं प्रत्येक अक्षर साक्षीला येतं. तिथल्याच एका माणसाच्या खटल्यात जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की नावाच्या स्पेलिंगमधल्या किंवा तारखांमधल्या किरकोळ फरकावरून कुणाला परकीय ठरवता येणार नाही. हे न्यायालयापर्यंत जावं लागलं, यातच सगळं आलं.

आणि तरीही आपण हसतो कुणाला? ‘येथे पंचर काडून मिळेल’ अशी पाटी लावणाऱ्याला. तिचे फोटो फिरतात. त्या पाटीनं कुणाचं काय बिघडलं? पंक्चर निघतं. ज्याच्या हातात शिक्का आहे, ज्याचं लिहिलेलं दुसऱ्याला पुरावा म्हणून लागतं, त्या कारकुनाला, पत्रकाराला आणि हो, आम्हा शिक्षकांनाही नियम सगळ्यांत कडक हवेत. व्यवहारात उलटं होतं. मजुराच्या पाटीची थट्टा होते, आणि दाखल्यावरच्या चुकीला ‘चालायचंच’ म्हणतात.

मोहल्ल्यातल्या बायका फॉर्म घेऊन येतात तेव्हा मी त्यांना दोन गोष्टी सांगते. पहिली, मूल जन्मलं की घरातल्यांनी बसून त्याचं नाव उर्दू, मराठी आणि इंग्रजीत कसं लिहायचं ते ठरवावं, कागदावर लिहावं आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तोच कागद दाखवावा. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव ठरलं नसेल तर ते एक वर्षापर्यंत विनाशुल्क घालता येतं. म्हणून घाईत काहीही सांगून येऊ नये. दुसरी, खिडकीतून कागद हातात आला की तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचावं. मागे रांग कुरकुरली तरी वाचावं. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारं लेकरू सोबत न्यावं.

माझ्या वर्गातही मी एवढंच करते. जूनमध्ये हजेरी मांडण्याआधी प्रत्येक मुलाला फळ्याजवळ बोलावते आणि त्याचं नाव त्यालाच लिहायला सांगते. कुणी ‘आरिफ’ लिहितं, कुणी ‘आरीफ’. मग घरचे कागद मागवते, आणि कागदांतच मेळ नसेल तर पालकांना त्याच आठवड्यात बोलावते. त्यात दोन-तीन तास जातात. व्याकरणाचा पहिला धडा त्यानंतर सुरू होतो.