आसनाची जागा

योगाभ्यासाला जागा कशी असावी, याविषयी आपल्या परंपरेत दोन निराळी चित्रे आढळतात. 'हठप्रदीपिके'त स्वात्मारामाने साधकासाठी लहानशी मठी सांगितली आहे. तिचे दार लहान असावे, तिला झरोका नसावा, ती शेणाने स्वच्छ सारवलेली असावी. त्याच्या कितीतरी आधी, शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मात्र ज्ञानदेव साधकाला मोकळ्या रानात घेऊन जातात. गीतेने नुसते 'शुद्ध स्थळ' म्हटले, तेथे त्यांनी फळांनी लवलेली झाडे, पावलोपावली निर्मळ पाणी, कोवळे ऊन आणि मंद वारा उभा केला. अधूनमधून मोर आले तरी आपली ना नाही, असेही ते प्रेमाने सांगून टाकतात. अशा ठिकाणी एखादा मठ किंवा शिवालय असावे, ही त्यांची शेवटची अपेक्षा.

आम्ही भावंडे गतवर्षी पौषात लांजीला गेलो ते योगासाठी नव्हे. वडिलोपार्जित धानाची शेती विकावयाची होती. नागपूर, जबलपूर, रायपूर अशा तीन दिशांना पांगलेले आम्ही आमगाव स्थानकावर एकत्र आलो आणि राज्याची सीमा ओलांडून गावी पोहोचलो. आमचे घराणे येथे भोसल्यांच्या अमदानीत आले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा निर्माण झाला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, लांजी मध्य प्रदेशातच राहिली. आमचे घर जागचे हलले नाही. सीमा तेवढी शेजारून निघून गेली. जे इतक्या उलथापालथीत सुटले नाही, ते आता आमच्या सह्यांनी सुटणार होते.

खरेदीखताची वेळ दुपारची होती. गावाबाहेर कोटेश्वर महादेवाच्या जुन्या दगडी मंदिरापाशी एक निवृत्त शिक्षक रोज पहाटे योगवर्ग घेतात, असे यजमानांकडून कळले, म्हणून सतरंज्या घेऊन निघालो. गुरुजींनी योगाचे धडे नागपुरात घेतले होते. जनार्दनस्वामींनी योगाभ्यासी मंडळाच्या द्वारे तेथे विनामूल्य शिक्षणाची जी रीत घालून दिली, तीच त्यांनी येथे चालविली आहे.

दिवाणखान्यातील आसन आणि मातीवरील आसन यांत अंतर आहे, हे वृक्षासनात उभे राहताच उमगले. फरशीवर पाऊल निश्चिंत असते. येथे भुई किंचित उताराची. घोटा क्षणोक्षणी तोल सावरत राहतो, आणि दूरच्या एखाद्या झाडावर दृष्टी खिळविल्याखेरीज शरीर स्थिर होत नाही. आम्ही सर्वांनी नकळत एकच झाड निवडले होते: शेताच्या बांधावरचा मोह. सूर्यनमस्काराला खरोखरीच पूर्वेकडे सूर्य होता. शवासनात पाठीला दवाचा गारवा लागला आणि कानांवर दूरच्या मळणीयंत्राची घरघर आली.

ताईचे गुडघे वाकत नाहीत. ती पायरीवर बसून हिंदीतले आकडे ऐकत मनाशी मराठीत मोजत होती. गुरुजींच्या ते ध्यानात आले. तिच्याशी ते पोवारी वळणाच्या मराठीत बोलले, "बाई, असंच बसा. पाठ ताठ आहे नं, मग हेही आसनच."

परतताना आमच्यापैकी एकाने शेती राखावी, असा विषय काढला. दरवर्षी येऊ, चार दिवस राहू. बोलणे गोड होते, परंतु चार दिवसांच्या वास्तव्याने रोवणी होत नाही. तीन पिढ्या जे कुटुंब त्या बांध्यांत राबले, तेच आता विकत घेत होते. दुपारी सह्या झाल्या. बांधावरचा मोह तोडू नये, असे ताईने सुचवून पाहिले. नव्या मालकाने मान डोलावली. कागदावर मात्र ते आले नाही.

पतंजलींनी आसनाकडून स्थैर्य आणि सुख, एवढ्या दोनच गोष्टी मागितल्या. ज्ञानदेवांनीही जागेचे इतके रसाळ वर्णन केले, पण ती कोणाच्या नावावर असावी, हे सांगितले नाही. आपण परमुलखात स्थिरावलेली माणसे. बूड टेकायला सातबारा किंवा खसरा लागतो, अशी आपली पक्की समजूत. त्या पहाटे आम्ही जेथे बसलो ती भूमी आमची नव्हती, आणि जी आमची होती तेथे आम्ही कित्येक वर्षांत बसलो नव्हतो. मालकी गेली याचे दुःख झाले, ते अजून आहे. परंतु लांजीशी आमचे नाते जमिनीच्या तुकड्यापुरते होते का, याचा निर्णय सह्यांनी झाला नाही. तो आमच्या पायांनी व्हावयाचा आहे.

पुढल्या पौषात पुन्हा जावे, असे बोलणे चालले आहे. कोण कोण येईल, ते अद्याप ठरलेले नाही. ताईने मात्र आपली सतरंजी धुऊन ठेवली आहे.