आठशे ग्रॅमची बारकी

घुशी रात्रीत खाद्याचा डबा रिकामा करायच्या. म्हणून पायाने उघडणारा फीडर आणला: कोंबडी पट्टीवर उभी राहिली की झाकण वर. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११०-१२० ग्रॅम खाते. घाबरून उपाशी राहिली तर अंडी थांबतात, आणि अंड्यांचे पैसे आईचे.

पहिला आठवडा झाकण दोरीने उघडंच बांधलं. मग दोरी रोज बोटभर सैल. झाकण खडखडलं की सगळ्या परसभर पळायच्या. पट्टीवर तांदळाची कणी टाकली. "शिकवणी लावलीस होय?" आई म्हणाली. तांबडी आधी शिकली, बाकीच्या तिचं बघून.

राहिली बारकी. कोंबड्यांमधली टोचण्याची उतरंड शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन संशोधकाने १९२१ साली मांडली. आमच्याकडे ती डब्यासमोर दिसते. तांबडीने उघडलेल्या झाकणाशी गेली की हिला टोच. एकटी चढली तर आठशे ग्रॅमने झाकण हलेना. स्प्रिंग सैल करावी, तर मोठी घूसही तेवढीच भरते!

आता स्प्रिंग सैल आहे. दिवसा कावळे तरी बाहेर राहतात. तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात गेल्या की आई झाकणाला कडी घालते. बारकी काल एकटीच पट्टीवर होती, खात.