दुसरी बंदूक

शिकारीला जाताना दुसरी बंदूक बरोबर असावी, याबद्दल जुन्या शिकाऱ्यांत वाद नव्हता. वाद असायचा तो ती कोणत्या बोरची असावी आणि कोणाच्या हातात द्यावी यावर. बंदुका दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. कोल्हापुरातल्या वाड्यांमधून, आजरा-भुदरगडकडच्या घरांमधून आलेल्या किती तरी बंदुका मी खोलून पाहिल्या. पूर्वीची माणसं या प्रश्नाचा किती बारकाईनं विचार करत होती, ते त्या बंदुकांच्या पोटात दिसतं.

ठासणीच्या बंदुकीत आधी दारू, मग बोळा, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा आणि शेवटी ठिणगी देणारी केप. सरावलेल्या माणसालाही याला वेळ लागतोच. त्यात राधानगरीकडची पावसाळी हवा. केप सर्द झाली की घोडा पडतो, टक् असा आवाज येतो आणि बार काही उडत नाही. समोर जखमी रानडुक्कर वळलं असेल तर पुन्हा ठासायला सवड कुठली? म्हणून शिकाऱ्याच्या मागं भरलेली दुसरी बंदूक घेऊन एक माणूस चाले.

दुनळीनं या माणसाचं निम्मं काम आपल्याकडं घेतलं. दोन नळ्या सगळ्यांना दिसतात, पण खरी करामत आत आहे. चांगल्या जुन्या दुनळीत दोन चाप, दोन घोडे, दोन स्प्रिंगा आणि दोन पिना असतात आणि एका बाजूचा दुसरीशी संबंध नसतो. एका घरातली विलायती दुनळी माझ्याकडं आली होती. बाजूची पट्टी उतरवली तर उजवीकडची मुख्य स्प्रिंग मधोमध तुटून काळ्या पडलेल्या तेलात रुतलेली. डावी मात्र ठणठणीत. उजव्या चापावर गंजाचे ठिपके होते आणि डावा बोटानं घासून घासून गुळगुळीत, चकचकीत झाला होता. कोणी तरी बरीच वर्षं त्या एकाच नळीवर भागवलं असणार. एकाच चापानं दोन्ही नळ्या उडवणारी बंदूक हाताळायला सोपी, पण तिथं एक बिघाड दोन्ही नळ्यांना नडू शकतो. मोठ्या जनावराच्या मागं जाणारे शिकारी दोन चापांची रायफल पसंत करत, ते यासाठीच.

तरीही स्वतंत्र दुसरी बंदूक घेणारे घेत. त्यांच्यासाठी पहिला नियम असा की दोन्ही छर्ऱ्याच्या बंदुका असतील तर बोर एकच हवा. १२ बोरच्या बंदुकीत चुकून २० बोरचं काडतूस गेलं तर ते खाली पडत नाही. चेंबर ओलांडून पुढं सरकतं आणि नळीत अडकून बसतं. चाप ओढला तर बार होत नाही, उघडून पाहिलं तर चेंबर रिकामं दिसतं. घाईत माणूस मागं १२ बोरचं काडतूस भरतो आणि बार काढतो. पुढची नळी अडलेली असल्यामुळं ती फुटते, तीही नेमकी डाव्या हाताच्या पंजाजवळ. २० बोरची काडतुसं बहुतेक ठिकाणी पिवळ्या रंगाची करतात ती या भयानं. पण पहाटेच्या अंधारात खिशातला रंग कोणाला दिसतो? सोयीसाठी नेलेली दुसरी बंदूक जीवावर उठते ती अशी.

कमरेला पिस्तूल लावून निघणाऱ्यांबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. दाजीपूरच्या गव्याचा पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास भरतो. त्याच्यापुढं ३२ बोरचं रिव्हॉल्व्हर म्हणजे मनाची समजूत. गव्याला गोळी लागली आणि तो कारवीत शिरला, की मागं जाणाऱ्याला जड बोरची दुनळी रायफल आणि डोकं शांत ठेवणारा सोबती, दोन्ही लागत. जखमी जनावर तसंच सोडून परतायचं नाही, हा चांगल्या शिकाऱ्यांचा दंडक होता आणि दुसऱ्या बंदुकीचं खरं कारण मला तिथंच दिसतं. स्वतःच्या जीवाइतकीच ती त्या जनावराचे हाल थांबवण्यासाठी होती.

आपल्या कोल्हापूर संस्थानात तर बंदुकीवाचूनही शिकारी झाल्या. शाहू महाराज घोड्यावरून भाल्यानं डुक्कर मारत. चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरायची इथली रीत नामांकित होती आणि हिंदुस्थानातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले गेले. शिकारीसाठी राखलेलं दाजीपूरचं रान १९५८ साली अभयारण्य झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा विषय हळूहळू मिटला. तो मिटला हे उत्तम झालं, असं बंदुकीवर पोट असणारा मी मनापासून म्हणतो.

घराघरांतला प्रश्न मात्र उरला. शस्त्र कायद्यात २०१९ साली बदल झाला आणि सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येऊ लागल्या. वारसानं आलेल्या बंदुकाही त्या दोनातच धरायच्या. आजोबांची दुनळी, वडिलांची ३१५ बोर रायफल आणि जिच्याविषयी घरात कथा सांगितल्या जातात ती ठासणीची, यांतली कोणती जमा करायची? लोक मला विचारायला येत. जिची नळी आतून खड्डे पडलेली, तिला आधी निरोप द्या, असं मी सांगे. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या वेलबुट्टीदार नळ्यांवर लोकांचा फार जीव. त्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. त्यांत आजचं काडतूस उडवायचं म्हणजे डोळ्याशी खेळ.

आता उरले शेतकरी. भात आणि ऊस डुकरांनी लोळवलेला पाहिला की त्यांचा संताप मला कळतो. पीक संरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्याकडं बहुधा ठासणीची बंदूक असते. तो परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. डुक्कर मारायचं तर वन विभागाची लेखी परवानगी लागते, एरवी हवेतला बार करून पळवायचं. एक तरुण म्हणाला, ‘‘काका, ही बंद पडली तर दुसरी नको व्हय?’’ मी त्याची बंदूक उघडली. केप बसते त्या निपलचं भोक जळक्या दारूच्या काजळीनं बुजलं होतं. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि एका पावसात लोखंड खाते. तेल नुसतं वरून फासून ती जात नाही.

बार केल्याच्या दिवशीच नळीतून कढत पाणी सोडायचं, गजाला चिंधी गुंडाळून ती स्वच्छ निघेपर्यंत घासायचं, निपल काढून सुईनं साफ करायचं, सगळं खडखडीत वाळवायचं आणि मग तेलाचा पातळ हात. त्याला समोर बसवून मी हे त्याच्याकडूनच करून घेतलं. दुसऱ्या परवान्याचा अर्ज त्यानं केला नाही.