परमुलखातले गाऱ्हाणे

मालवण किनाऱ्यावरील जुन्या घरांत वाढदिवस तिथीने येत असे. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्याने आणि मधूनमधून अधिक मास पडत असल्याने तो इंग्रजी कॅलेंडरात दर वर्षी मागेपुढे सरके, आणि औक्षण, म्हणजे पाटावर बसवून निरांजन, सुपारी व सोन्याची अंगठी यांनी ओवाळणे, एवढाच त्याचा सोहळा असे. मागच्या पिढीतील पुष्कळांची जन्मतारीख कोठे लिहिलेलीच नसल्यामुळे शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून मांडली आणि पुढे तीच पासपोर्टावर चढली.

अशाच एका मालवणी कुटुंबाला मस्कतमधील रुवी भागात राहत असताना शेजारच्या मल्याळी घरातून मुलीच्या वाढदिवसाचे बोलावणे आले. केरळातील हिंदू घरांत वाढदिवस जन्मनक्षत्रावर धरण्याची रीत आहे. मुलीचे नक्षत्र आठवड्याच्या मध्येच येऊन गेले होते, केक मात्र ओमानात सुट्टी असलेल्या शुक्रवारी कापायचा होता, त्यामुळे तिथीचे घर आणि नक्षत्राचे घर तिसऱ्याच दिवशी एकत्र बसले.

मालवणी घराने डब्यातून खापरोळ्या नेल्या होत्या. तांदूळ, उडीद व मेथी वाटून आंबवलेल्या पिठाची ही जाडसर, जाळीदार पोळी नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून केलेल्या रसात बुडवून खातात. यजमानीणबाईंनी तिला बोट लावताच आपल्या अप्पमची आठवण काढली, आणि एकाच समुद्राच्या काठावरील दोन घरांतल्या बायकांना पुढची ओळख करून घेण्यास दुसरे काही लागले नाही.

केक कापून झाल्यावर मालवणी आजोबांना आशीर्वाद देण्याची विनंती झाली, तेव्हा त्यांनी गाऱ्हाणे घातले. गाऱ्हाणे म्हणजे घरातील वा गावातील जाणत्या माणसाने देवापुढे उभे राहून मालवणी बोलीत मोठ्याने मांडलेले मागणे, ज्यात प्रत्येक मागण्याला जमलेली मंडळी ‘होय महाराजा’ असा रुकार देतात. केकशेजारी नारळ ठेवून, डोक्यावर टोपी घालून आजोबांनी रवळनाथ, सातेरी या ग्रामदेवतांना हाक मारली, आणि त्यानंतर, गाऱ्हाण्याच्या रीतीप्रमाणे, त्या जागेच्या राखणदारालाही, म्हणजे भूमी सांभाळणाऱ्या अदृश्य रक्षकालाही, साद घातली. ही जागा परक्या देशातील चौथ्या मजल्यावरची होती, तरी तिला राखणदार असणारच हे त्यांनी गृहीत धरले; पोटापाण्यासाठी घर सोडलेल्या माणसाची परक्या मातीविषयीची इतकी निखळ कृतज्ञता क्वचितच पाहायला मिळते. मुलीला शिक्षण मिळो, तिच्या बापाची नोकरी टिको, दोन्ही घरची माणसे सुखरूप गावी पोचोत, अशी मागणी एकेक करून होत गेली. पहिल्या दोन वेळा मालवणी कुटुंबच बोलले, तिसऱ्या वेळेपासून मल्याळी मुलांनीही ‘होय महाराजा’ म्हणत आवाज चढवला.

शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नसते, ही रीत दोन्ही घरांना ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच डबा उण्णियप्पम या केरळी गोड पदार्थाने भरून दारात आला.