कासारीचा घाट आणि दोन जुन्या मोटारी

वेरूळच्या लेण्यांची वाट एके काळीं नांदगांवावरून जात असे, हें आज पुष्कळांस ठाऊक नसेल. मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग होण्यापूर्वीं वेरूळचा प्रवासी येथेंच आगगाडींतून उतरे आणि टांग्यानें कासारीचा घाट चढून निजामाच्या मुलखांत शिरे. तोच घाट आम्हीं आमच्या दोन मोटारींच्या परीक्षेसाठीं निवडला.

परीक्षेचें कारण मात्र सुखाचें नव्हतें. वाड्याच्या वांटण्या झाल्या, आणि गाडीखान्यांत एकाच मोटारीपुरती जागा उरली. दोन्ही गाड्या 1938 सालच्या, दोन्ही आजोबांनीं दुसऱ्याच्या हातच्या घेतलेल्या. एक फोर्ड व्ही-एट आणि दुसरी शेव्हरोले मास्टर. थोरल्या बंधूंचा जीव फोर्डवर. लग्नानंतर आत्याबाई सासरीं गेल्या त्या याच गाडींतून. माझें मत शेव्हरोलेकडे. तेव्हां घाटानेंच निवाडा करावा असें ठरलें, आणि नव्वदीला टेकलेल्या आत्याबाई साक्षीदार म्हणून बरोबर निघाल्या.

कागदावर पाहूं गेल्यास दोघी तुल्यबळ. दोघींची शक्ति 85 अश्वांची, दोघींना पुढचे गिअर तीन. फोर्डचे आठ सिलिंडर दोन रांगांत, मिळून सुमारें 3.6 लिटरचे; शेव्हरोलेचे सहा एका ओळींत, 3.5 लिटरचे. पण फोर्डच्या झडपा सिलिंडरांच्या बगलेला, तर शेव्हरोलेच्या माथ्यावर.

गांवाबाहेरच्या सपाटीवर फोर्डनें मन जिंकलें. तिचा आवाज इतका मृदु कीं, इंजिन चालू आहे याचा विसर पडावा. शेव्हरोलेची घरघर त्यापुढें जात्यासारखी! बंधु माझ्याकडे पाहून हंसले.

चढ लागतांच मात्र रंग पालटला. शेव्हरोले दुसऱ्या गिअरमध्यें, इंजिनाचे फेरे कमी असतांहि, न कुरकुरतां ओढीत राहिली. फोर्डला फेरे वाढवून ठेवावे लागत. वळणावर समोरून मालमोटार आली कीं वेग मोडे आणि मग पहिला गिअर. शिवाय तिच्या इंजिनाची जळकी वाफ ठोकळ्यांतूनच, पाण्याच्या कप्प्यांजवळून, बाहेर पडते. त्यामुळें पाणी लवकर तापतें. अर्ध्या घाटांत तिला सावलींत उभी करावी लागली. अर्थात् रेडिएटरची जाळी आम्हींच तीन वर्षें धुतली नव्हती, तेव्हां सगळा दोष तिच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल.

वळणांवर फोर्डचे पाटे पुढें-मागें दोन्हीकडे आडवे बसविलेले असल्यानें ती होडीसारखी डोलते. चक्राला मात्र ती चटकन् वळते. हें मला नाइलाजानें कबूल करावें लागलें. शेव्हरोले जड, पण घेतलेली वाट सोडीत नाहीं.

खरा फरक उतारावर. शेव्हरोलेला 1936 पासून द्रवदाबाचे ब्रेक आले. फोर्डनें ते 1939 सालीं स्वीकारले. आमची फोर्ड त्याच्या एक वर्ष आधींची, म्हणजे पोलादी तारांनीं चाकें आंवळणारी. तारा सारख्या ताणलेल्या नसल्या कीं गाडी एका अंगास ओढते, आणि त्या ताणण्याचें काम आमच्याकडून नीट झालें नव्हतें. तिसऱ्या वळणावर ती दरीच्या बाजूस सरली. हातभरच सरली असेल. बंधूंनीं ती सांवरली, पण खालीं येईपर्यंत ते एक शब्दहि बोलले नाहींत.

पायथ्याशीं उतरून त्यांनीं शेव्हरोलेची किल्ली माझ्या हातून घेतली, आत्याबाईंना दार उघडून दिलें आणि म्हणाले, "आतां हिच्यांतच बसा." आत्याबाई बसल्या नाहींत. "घरापर्यंत सपाट रस्ता आहे ना?" एवढेंच विचारून त्या फोर्डमध्यें जाऊन बसल्या.

येत्या गुरुवारीं फोर्ड न्यावयास नाशिकचे गृहस्थ यावयाचे आहेत. तिच्या मागच्या बैठकीवरची उशी तेवढी काढून ठेवावयास आत्याबाईंनीं सांगितलें आहे.